जवाईबापू, बाजूले व्हा

प्रिय लटारू,

मी अंगण झाडून सडा टाकला होता, हंडे भरून ठेवले होते, चुलीतली राख काढून नवा विस्तव केला होता, रात्रीच्या उरलेल्या भाताला फोडणी दिली होती, आणि तू अजून खाटेवर डोक्यापर्यंत पांघरूण घेऊन पडला होतास. बाहेर नुसतं फटफटत होतं. तुझे मोठे भाऊ, म्हणजे आमचे हे, टोपल्या घेऊन दारात उभे, फक्त खाकरताहेत. सासूबाई ओरडल्या, "लटाऱ्या, मोहाची फुलं काय तुह्यासाठी झाडावर थांबून राह्यतीन का?" तर पांघरुणातून आवाज आला, "आई, सांगून पाय त्याइले, आज इतवार हाय म्हनून." मी तेव्हा या घरात नवी होते. सासूसमोर हसायचं नाही असं माझ्या आईने बजावून पाठवलं होतं. मी तोंडात पदर कोंबून चुलीकडे वळले आणि तेवढ्यात भात खाली लागला. पानात तो भात पडल्यावर तू म्हणालास, "वयनी, भात सावळा हाय, पन घरंदाज दिसते." मग सासूबाईच हसल्या आणि त्यांच्यामागून मला हसता आलं. या घरातलं माझं पहिलं हसणं ते.

आज सकाळी तीच कामं करताना हे आठवलं. आता सडाही एकटीपुरता आणि भातही एकटीपुरता. फाल्गुन लागलाय. मोहाची पानं गळून झाली, कळ्यांचे घोस फुगले आहेत, शिमगा झाला की फुलं पडायला लागतील. उद्या सकाळी ग्रामसभा आहे आणि तिथे मला सांगायचं आहे, की आपल्या घराच्या दोन मोहांपैकी कोणता ठेवते आणि कोणता सोडते. हे तुला फोनवर सांगता आलं असतं. पण गेल्या पावसाळ्यापासून तुझा फोन म्हणजे तब्येत कशी आहे, गोळ्या घेता का, थंडी आहे का, ठेवतो. एखाद्या साहेबाने चौकशी करावी तसा. पूर्वी तुझा फोन ठेवला की हसून माझं पोट दुखायचं. म्हणून म्हटलं लिहावं. लिहिलेलं मधेच तोडून 'ठेवतो वयनी' म्हणता येत नाही.

आता तू म्हणशील, वयनी मलेच गाव शिकवून राह्यली. पण तिकडे ऑस्ट्रेलियात खाणीच्या धुळीत तू काय काय विसरलास कोण जाणे, म्हणून रीत पुन्हा सांगते. जंगल सगळ्यांचं, पण मोहाची झाडं घरोघर वाटलेली. फुलं पडायच्या आधी जो झाडाखालचा पाला झाडून जमीन उघडी करतो, त्या मोसमाला झाड त्याचं. झाडलेल्या जमिनीवरचं फूल दुसरा कोणी उचलत नाही, उपाशी असला तरी. पण झाडाखाली खराटा फिरलाच नाही, तर सभा ते झाड ज्याला गरज आहे त्याला देते, आणि एकदा दिलेलं परत मागायचं नाही. सासूबाईंनी जायच्या आधी दोघा भावांची झाडं वेगळी करून दिली. ओढ्याकाठचा मोठा मोह, ज्याची फुलं गुळासारखी, तो म्हणाल्या देवाजीला, म्हणजे यांना. आणि टेकडीखालचा वाकडा, अर्धा वाळलेला, तो तुला. सगळ्यांना वाटलं आता तू भांडशील. तू त्या झाडाला मिठी मारून आलास आणि म्हणालास, "आईनं बरोबर वाटनी केली. झाडाची अन माह्यी, दोघायचीही पाठ एकाच हाताची हाये." लाकूड तोडताना पडून तुझ्या पाठीला आलेला बाक आईमुळे नव्हता, पण सासूबाई हसताहसता रडल्या.

त्या वाकड्या झाडाला फुलं कमी आणि अस्वलं जास्त. म्हणून तू तिथे बुजगावणं उभं केलंस, आणि त्याला काय घातलंस, तर तुझ्या भावाचा लग्नातला सदरा. मी पेटीत शोधतेय, हे घरभर शोधताहेत, आणि सदरा टेकडीखाली अस्वलं राखतोय. तेव्हा सगळे पाला जाळायचे आणि फॉरेस्टचा गार्ड त्यावर नजर ठेवत फिरत असायचा. त्याने लांबूनच बुजगावण्याला दम दिला, "ए, जाळ लावशील तं याद राख!" बुजगावणं काही बोललं नाही. गार्ड चिडला, "तुलेच बोलून राह्यलो ना मी! नाव काय तुहं?" तेव्हा तू झाडामागून बारीक आवाजात म्हणालास, "देवाजी, साहेब." गार्डाने तेच नाव घरी येऊन विचारलं. हे ओसरीवर जेवत होते. ते इतके गोंधळले की त्यांनी गार्डालाच जेवायला बसवलं.

पण खरी मजा जंगलाच्या तोंडाशी. आपल्याकडे मोह वेचायला एकट्याने जायचं नाही आणि गुपचूप जायचं नाही हे लहान लेकरालाही कळतं. वाकून फुलं वेचणारा माणूस वाघाला माणूस वाटत नाही. म्हणून कोणी डबा वाजवायचं, कोणी हाळी द्यायचं. तुझी हाळी वेगळीच. तू डोक्यावरची टोपली काढून हातात घ्यायचास, कमरेत वाकायचास आणि सगळ्या रानाला ऐकू जाईल असं ओरडायचास, "ओ जवाईबापू! सासरवाडीचे लोक आले! जरा बाजूले व्हा! आज घरी काईच नाई, मानपान दिवाळीले करू!" मी विचारलं होतं, वाघ जावई कसा? तर म्हणालास, "सांगून येत नाई, आला तं चांगलंचुंगलं खाते, अन जाय म्हनाची कोनाची हिंमत नाई. मंग जवाई नाई तं कोन?" बायका इतक्या हसायच्या की वेगळा डबा वाजवायची गरज राहायची नाही. भीती जायची नाही, पण पाय पुढे पडायचा.

तू घुग्घुसला खाणीत डंपर दुरुस्तीच्या कामाला लागलास तेव्हा घर पहिल्यांदा शांत झालं. तरी तू सुटीला यायचास, अंगभर काळी धूळ, आणि पिशवीत माझ्यासाठी रद्दीतली पुस्तकं. माझी शाळा चौथीत सुटली. नंतरचं सगळं वाचन किराणा बांधून आलेल्या कागदांवर आणि तुझ्या त्या पुस्तकांवर झालं. पुस्तकांना पुढची पानं नसायची नाहीतर मागची. शेवट काय झाला म्हणून मी अडून बसले की तू न वाचता सांगायचास, आणि तुझ्या प्रत्येक गोष्टीच्या शेवटी एक तर वाघ यायचा नाहीतर जावई. पुढे आरमोरीच्या वाचनालयात त्यातलं एक पुस्तक मला पूर्ण मिळालं. त्यात नायिका दुःखाने झुरून मरते. तुझ्या शेवटात ती सासरच्यांना फसवून मेळ्यात झोक्यावर बसली होती. मी ते पुस्तक परत केलं. तुझाच शेवट बरा होता.

मग ऑस्ट्रेलिया. तू सांगितलंस तेव्हा सासूबाई नव्हत्या, बरं झालं. हे उठून गोठ्यात गेले आणि बैलाला पाणी पाजलं, जे मी नुकतंच पाजलं होतं. तू मात्र गावभर सांगत फिरलास, "तिथी कामावर न्यायले विमान येते. आपल्या गावात यष्टी येत नाई, बोला!" जाताना मी तुला वाळलेल्या मोहफुलांची पुरचुंडी दिली होती. तिथल्या विमानतळावर ती काढून घेतली, आणि तू पहिल्याच फोनवर त्याचा सगळा तमाशा करून दाखवलास. साहेबाने विचारलं हे काय, तू म्हणालास फूल आहे. साहेब म्हणाला फूल आणता येत नाही. तू म्हणालास मग फळ समजा. फळही नाही. मग भाजी समजा, मग औषध समजा, शेवटी म्हणालास माझी आई समजा. आम्ही फोनभोवती बसून हसत होतो. फोन ठेवल्यावर तुझे भाऊ म्हणाले, "फुलं टाकून देल्ली वाट्टे त्याची." इतकंच. आणि दुसऱ्या दिवशी खराटा घेऊन टेकडीखाली गेले.

तेव्हापासून दरवर्षी आधी तुझं झाड झाडायचे, मग स्वतःचं. लोक म्हणायचे, देवाजीभाऊ, त्या वाकड्यात काय ठेवलंय, टोपलीभर फुलांसाठी एवढी पायपीट कशाला? हे म्हणायचे, "त्याचं हाये. येईन तेव्हा त्याले कोनाले मांगा लागू नये." हाळी द्यायचं कामही त्यांच्यावर आलं. तुला माहीत आहे, या माणसाने मला कधी घराच्या बाहेरून हाक मारली नाही, आत येऊन खाकरायचे. पहिल्या वर्षी जंगलाच्या तोंडाशी सगळ्या बायका थांबल्या आणि यांच्याकडे बघायला लागल्या. हे खाली बघून, जसं खऱ्या जावयाशी बोलावं तसं हळू म्हणाले, "जवाईबापू, जरा बाजूले व्हा." केसरबाई म्हणाली, "मोठ्यानं बोला भाऊ, जवाई बहिरा हाय." हळूहळू आवाज फुटला त्यांचा. आमच्या लेकीच्या, मयुरीच्या लग्नानंतर आमचे खरे जवाईबापू, प्रफुल, गडचिरोलीहून हौसेने मोह वेचायला आले. यांनी नेहमीप्रमाणे हाळी दिली, तर बिचारा प्रफुल दचकून वाटेतून बाजूला सरला आणि म्हणाला, "मामाजी, माह्यं काई चुकलं का?" यांनी तुला हे सांगितलं तेव्हा तुझ्या हातून फोन पडला होता आणि माझी जाऊ सरिता घाबरून विचारत होती की गावाकडे काय झालं. तो तुम्हा दोघा भावांचा शेवटचा मोठा हसण्याचा फोन होता असं आता मोजताना वाटतं. तेव्हा कोणाला वाटलं होतं?

आता उद्याचं सांगते. निकेशचं घर तू ओळखतोस, विहिरीजवळचं. तो आणि त्याची बायको दिव्यानी मागच्या वर्षी घरातून वेगळे निघाले, पोर लहान आहे, आणि त्यांच्या वाट्याला एकही झाड नाही. सभेने म्हटलं, ज्याच्याकडे वेचणाऱ्या हातांपेक्षा झाडं जास्त त्याने एक सोडावं. ते खरंच आहे. मी एकटी दोन ठिकाणची फुलं वेचू शकत नाही. कमरेतून वाकलं की उठताना आता हात जमिनीला टेकवावा लागतो. कोणी मला जोर केलेला नाही. उलट सगळ्यांनी ठरवूनच टाकलंय की मी वाकडं सोडणार. केसरबाई काल सुपं घेऊन बसली होती, तीही म्हणाली, "लटारूभाऊ काय आता फुलं वेचाले येते का, बाई? वाकडं देऊन टाक. मोठं राह्यलं तं म्हातारपनी तुह्या जवळ नवऱ्याची आठवन राह्यते." ती प्रेमाने बोलली. मी रात्रभर नाही, पण जागी असेपर्यंत त्याचाच विचार केला.

खरं म्हणजे ते ओढ्याकाठचं झाड सोडायचं म्हटलं की मला काही सुचत नाही. तिथे त्यांची बसायची जागा आहे, मुळाशी खोलगट झालेली. डबा तिथे उघडायचे. अर्धी भाकर आधी माझ्या पुढे करायचे. श्रावणात ते गेले तेव्हापासून मी तिकडे गेले नाही. मी रोज रडते असं समजू नकोस. मी धानाचं पाहते, वाचते, मयुरीकडे जाऊन येते. पण जेवताना पाण्याचा तांब्या अजून दोघांमध्ये ठेवल्यासारखा ठेवते आणि मग आपल्याकडे ओढते.

आणि श्रावणाचं निघालंच आहे तर लिहून टाकते, कारण ते आपण दोघंही बोलत नाही. तेरवीला तू निघालास, विमानातून उतरून नागपूरहून ब्रम्हपुरीला आलास, आणि वैनगंगेला पूर. पुलावरून पाणी. तू तिकडे, आम्ही इकडे. तू फोनवर म्हणालास, पूल बंद आहे वयनी, सुटी संपली, मला परत निघावं लागतं. मी म्हटलं, हो बाबा, नदीपुढे कोणाचं चालते. तुझं पान मी वाढून ठेवलं होतं. संध्याकाळी आपला अजय, जो आरमोरीची काळीपिवळी जीप चालवतो, घरी आला आणि त्याने एक रुंद काठाची टोपी माझ्या हातात दिली. ती तू यांच्यासाठी घेतली होतीस. उन्हात मोह वेचताना डोकं तापते म्हणून यांनी एकदाच काय ते तुझ्याकडे काही मागितलं होतं. लटारू, ती टोपी पूल ओलांडून आली. दुपारीच पाणी उतरलं होतं आणि अजयची पहिली गाडी होती. त्याने तुला हॉटेलच्या बाकावर बसलेलं पाहिलं, पिशवी मांडीवर. "बसा भाऊ, पूल खुलला," म्हणाला. तू म्हणालास, "तू हो पुढं." आणि टोपी दिलीस आणि सांगितलंस, घरी सांगजो पूल बंद होता म्हणून. अजयला खोटं बोलता येत नाही. तो दारात उभा राहून रडायलाच लागला.

मला राग आला नाही. तेव्हा नाही, आता नाही. मी त्या दिवशी घरातच होते म्हणून घरात होते. मला त्या दारातून बाहेरून आत यायचं असतं, आणि आत खाकरणारं कोणी नसतं, तर मीही कदाचित नदीच्या पलीकडे बसून राहिले असते. तू इतकी वर्षं सगळ्यांना जंगलात शिरायची हिंमत देत आलास, आणि तुला द्यायला त्या बाकावर कोणी नव्हतं. एवढंच मला वाईट वाटतं. त्या पुलाच्या ओझ्यापायी तू माझ्याशी साहेबासारखं बोलतोस, हे मला कळतं. माझा नवरा गेला, ते मी सोसते आहे. पण त्यांच्यामागे माझा हसवणारा दीरही जावा, हे मला मान्य नाही. हे एक मी ठाम सांगते.

इथवर लिहून काल मी दिवा मालवला होता. आज सकाळी सभा झाली. पोलीस पाटलांनी विचारलं, "रुखमाबाई, कोनतं सोडता?" मी म्हटलं, ओढ्याकाठचं निकेश-दिव्यानीला द्या. केसरबाई म्हणाली, "बाई, तुह्यं चुकून राह्यलं, वाकडं म्हनाचं हाय तुले." मी म्हटलं, चुकत नाही. ज्यांचं ते झाड होतं, ते आता येणार नाहीत. ज्याचं वाकडं आहे, तो येऊ शकतो. दिव्यानी पायाला हात लावायला आली, तिला म्हटलं, मुळाशी एक खोलगट जागा आहे, पोराला तिथे बसव, ऊन लागत नाही. मग तू केव्हा येशील, येशील की नाही, हे मी विचारणार नाही. पण तुला कोणाला मागायला लागू नये एवढी सोय केली आहे, आणि ती तुला ठाऊक असावी म्हणूनच हे पत्र. सभेतून घरी येऊन मी खराटा आणि टोपली घेतली, यांचा निळा सदरा घेतला, खुंटीवरची तुझी टोपी घेतली आणि केसरबाईला सोबत घेऊन निघाले. जंगलाच्या तोंडाशी ती माझ्याकडे बघायला लागली. मी टोपली हातात घेतली, कंबर वाकते तेवढी वाकले आणि जेवढा आवाज आहे तेवढ्याने ओरडले, "ओ जवाईबापू, सासरवाडीचे लोक आले, जरा बाजूले व्हा!" मग टेकडीखाली गेले, तुझ्या झाडाखालचा सगळा पाला झाडून काढला, बुजगावणं उभं केलं, त्याला सदरा घातला आणि वर टोपी ठेवली. केसरबाई म्हणाली, "हा कोन सायेब आला वं बाई?" आम्ही दोघी तिथेच बसून हसलो, आणि ऊन डोक्यावर यायच्या आत घरी आलो.

तुझीच,
रुखमा वयनी